विदर्भात गुलाब छाटायचा कधी: दसऱ्याला की होळीला?

ताई, तुमचं विचारणं असं आहे. गाव दर्यापूरच्या बाजूचं. घरामागच्या सांदवाडीत डझनभर कलमी गुलाब, काही जमिनीत, काही कुंड्यांत. रोपं देणारा नर्सरीवाला म्हणतो, दसरा झाला की कंबरेतून छाटून टाका. मोबाइलवर पाहिलेले विलायती बागवाले म्हणतात, हिवाळ्याआधी नुसते शेंडे कमी करा, बुडाशी माती चढवा, खरी छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि सासूबाई म्हणतात, विहिरीजवळच्या त्यांच्या जुन्या गुलाबाला कात्री लावायचीच नाही. त्यात कलमी झाडांची पानं पिवळी पडून राहिली आहेत. तर ऐकायचं कोणाचं?

वेळेच्या बाबतीत नर्सरीवाल्याचं ऐका, पण त्याची कंबर जरा वर धरा. सासूबाईंच्या झाडाबाबत सासूबाईंचं ऐका. विलायती सल्ला खोटा नाही, तो आपल्या हवेचा नाही इतकंच.

तो सल्ला आधी बाजूला करू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. इंग्लंडसारख्या थंड मुलखात हिवाळ्यात गुलाब झोपतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे खोल छाटलं तर उरल्यासुरल्या उबेत फांदीवरचे डोळे, म्हणजे कोंबाच्या गाठी, फुटतात आणि तो कोवळा फुटवा पहिल्याच गोठवणाऱ्या रात्री काळा पडतो. म्हणून तिथले लोक पानगळीच्या दिवसांत उंच वाढलेल्या फांद्या फार तर एक तृतीयांशाने कमी करतात. तेही कशासाठी, तर हिवाळी वाऱ्यात झाड डोलून मुळं ढिली होऊ नयेत म्हणून. खरी छाटणी थंडी सरताना. जिथे बर्फ साचतो, तिथे कलमाचा सांधा जपायला वीतभर मातीचा ढीग. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

आपल्याकडे थंडीची लाट आली तर अमरावती-अकोल्याचा पारा आठ-नऊ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी आणखी थोडा खाली. तेवढ्याने गुलाबाचं काही बिघडत नाही. उलट फूल सावकाश उमलतं, मोठं होतं, रंग गडद चढतो. आपल्या गुलाबाचा वैरी मे महिना आहे, पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हाचा. गुलाबाला दिवसा पंचवीस-अठ्ठावीस अंश आणि रात्री पंधराच्या आसपास हवा मानवते. ही हवा वऱ्हाडात नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच असते. म्हणजे त्यांच्याकडे छाटणी झाडाला हिवाळ्यातून वाचवून उठवण्यासाठी असते आणि आपल्याकडे हिवाळ्यात झाडाला कामाला लावण्यासाठी. तुम्ही होळीच्या सुमारास खोल छाटलं तर नवीन फुटवा एप्रिलच्या उन्हात सापडेल, पानांची सावली गेलेली फांदी एका बाजूने भाजेल, आणि त्या भाजलेल्या सालीतून शेंडेमर आत शिरेल. वरून वाळत वाळत खाली येणारी काळपट-तपकिरी फांदी म्हणजे तीच. होळीला गुलाब छाटून पावसाळ्यात जागा रिकामी झालेली मी बरीच अंगणं पाहिली आहेत.

आता ऑक्टोबरच का, हे समजून घ्या, म्हणजे तारखेसाठी दरवर्षी कोणाला विचारावं लागणार नाही. पाऊस निघून गेलेला असतो आणि जमिनीत ओल असते. तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. तुम्ही खारपाणपट्ट्यात आहात. वर्षभर विहिरीचं-बोरचं जे खारं पाणी कुंड्यांना आणि वाफ्यांना जातं, त्याचा क्षार पावसाने धुऊन निघतो. मुळांपाशी वर्षातली सगळ्यात स्वच्छ माती तुम्हाला ऑक्टोबरात मिळते. रात्रीही उतरू लागलेल्या असतात. अशा वेळी छाटलं की आठवड्याभरात डोळे फुगतात, महिना-सव्वा महिन्यात कळ्या दिसतात आणि पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत पहिलं फूल. नोव्हेंबर गार असला तर आणखी आठवडा धरा. म्हणजे २० ऑक्टोबरच्या छाटणीची फुलं डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या बेताला. ती फुलं नीट काढत गेलं तर दुसरा बहार जानेवारीअखेर-फेब्रुवारीत, शेगावच्या प्रकट दिनाच्या सुमारास, आणि तिसरा, जरा लहान फुलांचा, मार्चमध्ये. छाटणी नोव्हेंबरअखेर गेली तर थंड रात्रींत फुटवा रेंगाळतो आणि एक अख्खा बहार हातचा जातो.

लवकर केली तरी नुकसानच. सप्टेंबरअखेर छाटलं तर परतीचा पाऊस काप भिजवतो, काळ्या ठिपक्यांचा रोग नव्या पानांवर चढतो आणि ऑक्टोबरच्या तापात फुटवा लांब, लुकडा होतो. म्हणून नुसतं 'दसऱ्याला छाटा' या नियमावर माझा भरवसा नाही. दसरा तिथीने चालतो, झाड हवेने. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे तो २० ऑक्टोबरला. एका साली दसऱ्याला छाटणं घाईचं आणि दुसऱ्या साली अगदी वेळेवर. मी इंग्रजी तारीख धरतो: १२ ऑक्टोबरच्या आधी नाही, १० नोव्हेंबरच्या पुढे नाही. या खिडकीत चार-पाच दिवस सलग कोरडे मिळाले आणि सकाळी गवतावर दव दिसू लागलं की कात्री काढायची. गावात तेव्हा सोयाबीनची मळणी आणि कापसाची पहिली वेचणी अंगावर असते, घरच्या गुलाबाकडे पाहायला फुरसत नसते हे मला माहीत आहे. सगळी झाडं एका दिवशी करायची गरज नाही. उलट निम्मी आज आणि निम्मी दहा-बारा दिवसांनी केली तर फुलं टप्प्याटप्प्याने मिळतात. फुलं विकणारे मुद्दाम असंच करतात.

छाटणीआधी ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं का? संत्र्याच्या मुलखातल्या माणसाला हा प्रश्न पडतोच. मी स्वतः मूळचा संत्र्याच्या कलमांचा माणूस, शेंदूरजनाघाटच्या बाजूचा. जंभेरीवर, म्हणजे रानलिंबाच्या रोपावर, संत्र्याचा डोळा भरून कलम करणं आणि रानगुलाबावर डोळा भरणं हे एकाच हाताचं काम, म्हणून गुलाबाकडे वळलो. आंबिया बहारासाठी संत्र्याला देतो तसा लांब ताण गुलाबाला सोसत नाही. जमिनीतल्या झाडाचं पाणी आठवडाभर आधी कमी करा, एवढं पुरे. कुंडीला ताण देऊच नका. बुडाशी खणून मुळं आठ-दहा दिवस उन्हाला उघडी ठेवायची जुनी पद्धतही आपल्याकडे आहे. मुरमाड हलक्या जमिनीत, देशी गुलाबाच्या ताटव्यांना ती चालते. भारी काळ्या जमिनीत मला ती पटत नाही. काळी माती सुकली की भेगाळते आणि भेग पडताना बारीक मुळ्या तोडते. झाडावर एक घाव छाटणीचा होणारच असतो, दुसरा कशाला? खुरप्याने वरची दोन-तीन इंच माती हलवा, तण काढा.

हत्यार. विळ्याने गुलाब छाटू नका, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणीतरी विळ्यानेच छाटतं. विळ्याचा झटका बसला की फांदी चिरते आणि चिरेतून रोग खाली उतरतो. दोन पाती एकमेकांवरून सरकतात तशी सिकेटर घ्या. एक पातं दुसऱ्या चपट्या पट्टीवर आदळतं ती नको, ती फांदी चेपते. अंगठ्याएवढ्या जाड, जुन्या खोडाला लहान करवत. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटने पुसा, शेंडेमर असलेल्या झाडानंतर तर नक्कीच. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला आणि दुपारी नको, सकाळी करा.

मग झाडापुढे बसा आणि लगेच कापू नका. आधी वाळलेलं काढा. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या, आत मध्यभागी शिरलेल्या, आणि पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या. मग बुडाकडे पाहा. कलमाचा सांधा म्हणजे मातीलगतची गाठ. त्या गाठीच्या खालून, मातीतून वर आलेला सरळसोट फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्या रानगुलाबावर कलम केलं त्याचा आहे, तुमच्या गुलाबाचा नाही. त्याची पानं बहुतेक वेळा फिकी, बारीक, आणि एका देठावर सात-नऊ पानपाती असलेली असतात. पण नुसत्या पानपात्या मोजून ठरवू नका. काही कलमी जातींनाही सात येतात आणि काही खुंटांना पाचच. माती बाजूला करून फुटवा निघतो कुठून ते पाहा. गाठीखालून असेल तर कात्रीने न कापता खाली ओढून मुळापासून उपटा. कापला तर दोनाचे चार होतात. 'आमच्या लाल गुलाबाला आता बारकी पांढरी फुलं येऊन राहिली' असं कोणी सांगितलं की समजावं, खुंटाने घर बळकावलं.

एवढं काढल्यावर झाडाचा सांगाडा दिसतो. आता उंची. मोठ्या एकेकट्या फुलांच्या जातींचं, म्हणजे हायब्रीड टीचं, भरलेलं झाड जमिनीपासून दीड ते दोन फुटांवर आणा आणि चार ते सहा दमदार फांद्या ठेवा. नर्सरीवाल्याची कंबर जर गुडघ्याच्या खाली जात असेल तर ऐकू नका. गुडघ्याखालची छाटणी थंड देशांत चालते, कारण तिथल्या झाडाने मुळांत आणि खोडात भरपूर साठवलेलं असतं. आपलं झाड मे महिन्याच्या तडाख्यातून आणि पावसाळ्यातल्या पानगळीतून कसंबसं वर आलेलं असतं. त्याचा साठा या फांद्यांतच आहे. झुपक्याने फुलणाऱ्या फ्लोरिबंडा जातींना, डॉ. बी. पी. पाल यांनी काढलेली 'दिल्ली प्रिन्सेस' त्यातलीच, याहून हलकं छाटा, एक तृतीयांश पुरे. मिनिएचर म्हणजे बुटक्या जातींना गोलसर कातरा. मांडवावर चढवलेल्या वेली गुलाबाच्या मुख्य फांद्या तोडायच्या नाहीत, त्यांच्या बाजूच्या उपफांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या. याच पावसाळ्यात लावलेल्या रोपाचे नुसते शेंडे आणि वाळलेलं काढा. आणि ज्या झाडाला पानंच उरली नाहीत, जे आजारातून उठलंय, त्याला यंदा अर्धीच छाटणी. निरोगी पानं असतील तेवढी राहू द्या.

प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, पाव इंचावर, आणि डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतार राहील असा तिरका. डोळ्याला खेटून कापलं तर डोळा सुकतो. इंचभर वर ठेवलं तर वरचा उरलेला तुकडा वाळतो आणि वाळ खाली येते. आणि प्रत्येक वेळी कापलेल्या तोंडाकडे पाहायचंच. निरोगी फांदीचा गाभा पांढरा-हिरवट, ओलसर, सफरचंदाच्या ताज्या फोडीसारखा दिसतो. मध्ये तपकिरी ठिपका दिसला तर ती फांदी वरून हिरवी दिसली तरी आतून गेलेली आहे. आणखी एक डोळा खाली या. परत पाहा. पांढरा गाभा लागेपर्यंत खाली येत राहायचं, मग ती फांदी ठरवलेल्या उंचीपेक्षा वीतभर कमी झाली तरी चालेल. कधी कधी गाभ्याच्या जागी सरळ पोकळ नळी दिसते आणि आत एखादी बारीक काळसर माशी. ती मऊ गाभा कोरून घर करते. तीही फांदी घन गाभा लागेपर्यंत कापा. छाटणीची खरी कसोटी उंचीत नाही, या कापाच्या तोंडात आहे.

माझ्यासोबत छाटणीला बसलेल्या एका शेजारणीने पहिलं झाड झाल्यावर विचारलं होतं, "भाऊ, इतकं कापल्यावर जगते काय जी हे?" जगतं. पांढऱ्या गाभ्यावर आणि चांगल्या डोळ्यावर थांबलात तर जगतं.

उघड्या पडलेल्या फांद्या आता जवळून पाहा. जुन्या फांद्यांवर पांढरट-करडी खपली, पीठ सांडून वाळल्यासारखी दिसेल. नखाने खरवडली तर खाली बारीक ओलसर किडा निघतो. ही खवले कीड. पानांनी भरलेल्या झाडावर ती दिसत नाही, छाटणीनंतरच सापडते आणि तिला काढायची सोपी वेळही हीच. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून फांद्या वरपासून गाठीपर्यंत घासा. डझनभर झाडांना तासाभराचं काम आहे. फवारणीपेक्षा याने जास्त फरक पडतो, कारण त्या खपलीखाली औषध पोचत नाही.

कापांना बोर्डो मलम लावा. घरी करायचं तर मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटरमध्ये विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत नाही. घासलेला लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. त्याच दिवशी वापरून संपवा. घरात संत्रा असेल तर बुंध्यांना लावायला केलेलंच वाटीभर घ्या. काही जण शेण लावतात. ओलं शेण कापावर दोन-तीन दिवस ओल धरून ठेवतं आणि आपल्याला तर तो काप लवकर सुकायला हवा असतो, म्हणून मी लावत नाही. दुसऱ्या दिवशी कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला तीन ग्रॅम, झाडावर आणि बुडाच्या मातीवर फवारा. खाली पडलेली ठिपक्यांची पानं वेचून जाळा किंवा दूर पुरा. रोगाचं पुढच्या वर्षाचं बी तीच आहेत. छाट बकऱ्यांना आवडतो, काट्यांसकट खातात. पण झाडावर आधी औषध मारलेलं असेल तर घालू नका.

खत लगेच नको. छाटल्यानंतर पानं नाहीत म्हणजे झाड पाणीही कमी ओढतं, त्याला भरमसाट खत-पाणी देऊन मुळं कुजवू नका. सात-आठ दिवसांनी डोळे लाल टोकांचे दिसू लागले की प्रत्येक झाडाला पाचेक किलो पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि पन्नास ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, बुडापासून वीतभर लांब, मातीत मिसळून. कोठ्यातलं ताजं शेण घातलं तर हुमणी आणि उधळीला (वाळवीला) आवतण. कपाशीसाठी आणलेल्या युरियाची मूठ मारायचा मोह आवरा. त्याने फुटवा झरझर वाढतो, मऊ राहतो आणि भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या पुडीच्या रोगाला, आयताच सापडतो. फुटवे बोटभर झाले की पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत, लिटरला तीन ग्रॅम, दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा फवारलं तरी भागतं.

आता पिवळी पानं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानांत आधी, असं असेल तर ती लोहाची कमतरता आहे. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही, आणि खारं पाणी त्यात भर घालतं. छाटणीनंतरच्या नव्या पानांवर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाच ग्रॅम आणि लिंबूसत्व एक ग्रॅम एका लिटर पाण्यात, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. खालची जुनी पानं सगळी पिवळी होऊन गळत असतील तर गोष्ट वेगळी, बुडाशी पाणी साचतंय. मग औषध नाही, निचरा करा. जमिनीतली झाडं पुढच्या वेळी लावताना फूटभर उंच गादीवाफ्यावर, मातीत मुरूम आणि शेणखत मिसळून लावा. सपाट काळ्या मातीत गुलाब जगतो, फुलत नाही.

पाण्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. गुलाब खारं पाणी फार सोसत नाही. पिण्याच्या नळाचं पाणी येत असेल तर निदान कुंड्यांना तेच द्या, स्वयंपाकघरात भाजी-तांदूळ धुतल्याचं साठवून ठेवा. खारं द्यावंच लागलं तर रोज घोटभर देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी इतकं द्या की कुंडीच्या भोकातून चांगलं वाहून जाईल. रोज थोडं दिलं की पाणी उडून जातं आणि क्षार वर बसतो. कुंडीच्या काठावरची पांढरी कड हीच. दोन वर्षं झालेल्या कुंडीतली वरची तीन-चार इंच माती या छाटणीलाच बदलून टाका.

नोव्हेंबरात एकेका डोळ्यातून दोन-तीन फुटवे निघतील. मधला जोमदार ठेवा, बाकीचे बोटाने मोडा. काही फुटवे कळी न धरता थांबतात, त्यांचा शेंडा दोन पानं खाली घेऊन खुडला की पुढचा फुटवा बहुधा कळी आणतो. डिसेंबर-जानेवारीत कोवळ्या पानांवर पांढरी पूड दिसली तर भुरी. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, ऊन उतरल्यावर. पाकळ्यांच्या कडा करपून कळी अर्धीच उघडली तर ती टिचकी मारून पांढऱ्या कागदावर झटका. काडीच्या टोकाएवढे पिवळट-तपकिरी किडे पळताना दिसतील, ते फुलकिडे. तशा कळ्या तोडून नष्ट करा, निळे चिकट सापळे टांगा आणि निंबोळी तेल पाच मिली लिटरला, थोड्या साबणासोबत. घरात कपाशीची उरलेली औषधं असतात आणि हात तिकडेच जातो. जाऊ देऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली, ती याच औषधांच्या हाताळणीतून. आणि इथे तर फूल देवाला, केसांत, कधी पोरांच्या तोंडातही जातं.

फवारणीचा पंपसुद्धा वेगळा ठेवा. नव्या फुटव्यांची पानं दोऱ्यासारखी अरुंद, झाडूसारखी गुच्छात येताना दिसली तर लोक त्याला रोग समजतात. विचारल्यावर निघतं की त्याच पंपाने धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तणनाशक मारलं होतं. दोनदा धुतलेल्या पंपातही गुलाबाला पुरेल इतकं ते उरतं.

थंडीसाठी झाकायचं का, हाही तुमचा प्रश्न होता. नाही. ना माती चढवायची, ना पोतं गुंडाळायचं. सोयाबीनचं कुटार (भुसा) बुडाभोवती दोन-तीन इंच पसरा, पण खोडाला चिकटवू नका, उधळी चढते. हे आच्छादन हिवाळ्यासाठी नाही, फेब्रुवारीनंतरच्या उन्हासाठी आहे. झाकायचंच असेल तर एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडून हिरवी शेडनेट नाहीतर तुराट्यांचा ताटवा उभा करा. मार्चनंतर फक्त सुकलेली फुलं खुडायची, कात्री नाही. पहिले पाऊस पडून गेल्यावर वाळलेले शेंडे काढायचे, की पुन्हा ऑक्टोबर.

राहिला सासूबाईंचा गुलाब. तुमच्या वर्णनावरून, गुलाबी, घमघमीत, पाकळ्यांचा गुलकंद होतो, आणि त्यांच्या लग्नापासून तिथे आहे, म्हणजे तो देशी आणि बहुधा फांदी लावूनच आलेला, स्वतःच्या मुळांवरचा. त्याला सांधा नाही, त्यामुळे मातीतून येणारे फुटवे रानटी नव्हेत, त्याचेच. ते कलमी झाडासारखे उपटाल तर सासूबाईंचा राग रास्त ठरेल. तो वर्षभर थोडाथोडा फुलत असेल तर ऑक्टोबरात शेंडे वीतभर कमी केले तरी चालतात. फक्त चैतात एकदाच लदलदून फुलत असेल तर आता हिरव्या फांदीला हात लावू नका, तीवरच त्याची फुलं आहेत. वाळलेलं तेवढं काढा. दोन्ही प्रकारांत दर वर्षी एखाद-दुसरं सगळ्यात जुनं, खडबडीत सालीचं खोड बुडातून करवतीने काढायचं आणि त्या जागी खालून आलेला जोमदार फुटवा वाढू द्यायचा. हे सासूबाईंना विचारून करा, कोणतं खोड जुनं ते त्यांनाच ठाऊक असेल.

त्या छाटातल्या पेन्सिलीएवढ्या जाड, आठ-नऊ इंची काड्या फेकू नका. खालची पानं काढून, निम्मी काडी मातीत जाईल अशी, सावलीतल्या ओल्या वाळूमातीत लावा. सगळ्या लागणार नाहीत, पण चार-दोन लागतात. नणंदेला, शेजारी द्यायला तेवढ्या पुरतात. कलमी झाडांच्या छाटातून मात्र हा उद्योग करू नका. त्यातल्या बऱ्याच जाती स्वतःच्या मुळांवर आपल्या काळ्या, खारवट मातीत तग धरत नाहीत, त्यांना खाली खुंटच लागतो.